मातीला पाजलेलं पाणी

छबुबाईची म्हैस पाणी पीत नव्हती.

दोन हजार सोळाचा एप्रिल होता. खापरदऱ्याच्या विहिरी होळीच्या आधीच आटल्या होत्या. नेकनूरकडून येणारा टँकर सहा दिवसांतून एकदा गावच्या आडात पाणी ओतून जायचा आणि घागरीवरून सख्ख्या जावांमध्ये अबोला धरला जायचा. अशा दिवसांत तहानेनं जीभ बाहेर आलेलं जनावर भरल्या ड्रमाकडं जातं, पाण्याला नाक लागतं न लागतं तोच मान झटकून दोन पावलं मागं सरतं, हे गावात कुणी कधी बघितलं नव्हतं.

"तीन दिस झाले," छबुबाई म्हणाली. "कावून पीना झाली काय की. कुणाची तरी नजर लागली, न्हाई तर ह्या पान्यातच काय तरी हाय. वत्सला, तू कॅना कशानं धुतीस गं?"

"सोड्यानं धुते अक्का, पयल्यापासून. अन् सोड्याचं पाणी मी ड्रमात टाकीत न्हाई, नुसतं विसळलेलं टाकते."

ड्रम वत्सलाबाईच्या भिंतीलगत होता. लोखंडी, मधून कापलेला, त्याच्या काठाला टेकून लोखंडी नळ. गावातल्या बायकांच्या दूध संस्थेचं संकलन गेली सात वर्षं वत्सलाबाईच्या पुढच्या खोलीत चालायचं. ती संस्थेची सचिव. सकाळ-संध्याकाळ बायका किटल्या घेऊन यायच्या, माप व्हायचं, फॅट लागायची आणि कॅना विसळलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून ड्रमात पडायचं. शेजारच्या छबुबाईची म्हैस त्याच्यावर निम्मी जगत होती.

वत्सलाबाईनं ड्रमात हात घालून पाणी नाकाशी नेलं. वास नव्हता. पण पाण्यातून हात काढताना तिचं मनगट ड्रमाच्या काठाला लागलं आणि कोपरापर्यंत एक बारीक झिणझिणी गेली. तिनं हात झटकला. पन्नाशी उलटली होती, दिवसभर कॅना उचलायच्या, हाताला मुंग्या येणं नवीन नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजरचं झाकण उघडताना तीच झिणझिणी आली. तिसऱ्या दिवशी मोटरीचं बटण दाबताना. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे हाताचं दुखणं नाही. आणि म्हैस जशी मान झटकत होती, तसाच आपण हात झटकला होता.



घर सासऱ्यांनी बांधलेलं. दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. शहात्तर साली गावात लाईट आली तेव्हा पुढच्या आणि मधल्या खोलीच्या मधल्या भिंतीवर एक सागवानी फळी ठोकली गेली. तिच्यावर चिनी मातीचे दोन फ्यूज, चार काळी बटणं आणि बाजूला लोखंडी पेटीचा मेन स्विच. त्या वेळी घरात तीन बल्ब होते, पुढं पंखा आला. मग टीव्ही, मिक्सर, हौदावरची मोटर, संस्थेचं फॅट मशीन. सगळ्याच्या वायरी त्याच फळीवर येऊन मिळाल्या. आणि यंदा आला फ्रीजर. चारा नसल्यानं गावातली निम्मी जनावरं छावणीला गेली होती, दूध घटलं होतं आणि डेअरीची गाडी दोन वेळांऐवजी फक्त सकाळी यायला लागली होती. संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत टिकवायला संस्थेनं हा भला मोठा फ्रीजर आणला. तो सुरू झाला की फळीतून बारीक आवाज यायचा, तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखा.

जेवताना तिनं नवऱ्यापाशी विषय काढला. धर्मराज साखर कारखान्याच्या वर्कशॉपात हेल्पर होता. यंदा ऊसच नव्हता, कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही आणि तो दिवाळीपासून घरी बसून होता.

"आवं, लोखंडाला हात लावला की करंट मारतोय. बोर्डाला काय तरी झालंय."

"काय न्हाई होत. चाळीस वर्षं झाली त्या बोर्डाला. कंदी फ्यूज तरी गेला का?"

"तेच तर. छबुअक्काच्या घरी रोज जातो, आपलाच कावून जात न्हाई?"

धर्मराजनं भाकरीचा तुकडा मोडला. "माल चांगला व्हता तवाचा. मी पाचशे हॉर्सपॉवरच्या मोटरी हाताळल्यात, अन् तू मला लाईट शिकवतीस व्हय?"

मधल्या खोलीत सून गीता चार महिन्यांच्या बाळाला झोळीत घालून हलवत होती. मुलगा पुण्याला कामाला. झोळीची दोरी तुळईला बांधलेली, आणि त्या खोलीला दार एकच, ते नेमकं फळीच्या खालून. वत्सलाबाईनं ते दार हजार वेळा ओलांडलं होतं. आज पहिल्यांदा तिला ते अरुंद वाटलं.

सकाळचं संकलन आटोपल्यावर, नवऱ्याला न सांगता, ती एसटीनं नेकनूरला गेली.

गहिनीनाथ वायरमन साठीचा होता. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिनं सगळं सांगितलं. झिणझिणीचं ऐकून त्यानं मान हलवली, पण म्हशीचं सांगितल्यावर हातातलं काम खाली ठेवलं.

"म्हैस किती दिस झाले पीत न्हाई म्हन्ता?"

"आज सातवा."

"बाई, तुमच्या पायात चप्पल असती. जनावर उघड्या खुरांनी वल्या मातीत उभं ऱ्हातं. तुमाला मुंगी चावल्यावानी लागतं तितं त्याला इंगळी डसती. चला, आत्ताच जाऊ."

दुपारी ते घरी पोचले तेव्हा धर्मराज ओसरीवर पेपर वाचत होता. वायरमनला बघून त्याचं तोंड उतरलं आणि त्यानं पेपर पुन्हा तोंडापुढं धरला.

गहिनीनाथनं आधी ड्रमाच्या काठाला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पेटला. मग नळाला, मोटरीला, फ्रीजरच्या पत्र्याला. दर वेळी दिवा पेटला. गीता बाळाला छातीशी धरून दारात उभी होती, ती नकळत मागं सरकली.

मग त्यानं मेन स्विचचा खटका खाली ओढला. तो सहजासहजी येईना, दोन्ही हातांनी ओढावा लागला. पेटीचं झाकण उघडून आत बॅटरी धरली आणि चष्मा सारखा करून वाकून बघितलं.

"काय हाय, भाऊ?" वत्सलाबाईनं विचारलं.

"बगा तुमीच."

वायरीवरचं रबर वाळल्या सालीसारखं तडकलं होतं. त्यानं पक्कडीनं नुसता धक्का दिला तर त्याचा भुगा खाली पडला. आत उघडी तार, आणि ती पेटीच्या लोखंडाला टेकलेली.

"हितून करंट पेटीत उतरतोय. पेटीला अर्थिंगची तार, अन् त्याच तारंला तुमची मोटर, फ्रीजर, समदं बांधलेलं. म्हून घरातलं समदं लोखंड जितं झालंय."

"मग फ्यूज कावून गेला न्हाई?"

गहिनीनाथनं फ्यूज उपसून तिच्या तळहातावर ठेवला. बारीक केसासारखी तार असायची तिथं जाड ॲल्युमिनियमच्या तीन तारा पिळून घातल्या होत्या. "ह्यो कसा जाईल? घर जळंल, पन ह्यो जायचा न्हाई. कुणी टाकली ही तार?"

वत्सलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. धर्मराज पेपराची घडी घालत होता. "आदीच्या वायरमननं टाकली आसंल," तो म्हणाला.

अर्थिंगचा खड्डा घरामागं होता. सासऱ्यांच्या वेळी मीठ-कोळसा घालून पुरलेला, वर एक फुटकं मडकं. त्यातून तार जमिनीत उतरत होती. गहिनीनाथनं आतली माती बोटानं उकरली तर ती पिठासारखी उडाली. एका बल्बाची एक तार लाईटला आणि दुसरी अर्थिंगच्या तारेला जोडून त्यानं बघितलं. बल्ब जेमतेम लाल झाला, विझायला आलेल्या काडीसारखा.

"करंट जमिनीत जायला वल लागती, बाई. दुसऱ्या साली ती आपसूक असती. यंदा तीन तीन हात खाली मातीत वल न्हाई. वाट बंद झाली, म्हून करंट लोखंडावर येऊन उभा ऱ्हायलाय, कुनी हात लावायची वाट बगत."

"मग आता?"

"ही फळी काढून टाकायची. नवा बोर्ड, नव्या वायरी, नवी अर्थिंग. करंट जरा जरी भलतीकडं गेला तर झटक्यात बंद करनारा खटका येतो आता, त्यो बसवायचा. फ्यूजची बारीक तार बी आत्ता पिशवीत न्हाई, समदं सामान बीडवरून आनावं लागंल. परवा येतो. तवर फ्रीजर बंद, मोटर बंद. ही उघडी तार मी टेपनं गुंडाळतो. अन् ह्या खड्ड्यात पाणी वता, चार घागरी. इलाज न्हाई ह्यो, पन बाकीचं हुईस्तोवर आधार हाय."

चार घागरी! घरात चार जीवांना पुढच्या टँकरपर्यंत चार दिवस काढायचे होते आणि हौदात सगळं मिळून वीसभर घागरी होत्या. वत्सलाबाई क्षणभर उभी राहिली. मग तिनं पहिली घागर भरून आणली आणि त्या मडक्यात ओतली. माती चुर्र करून पाणी पिऊन गेली.

दुसरी घागर ओतताना कुडावरून छबुबाईचं डोकं वर आलं.

"अगं ए वत्सला! डोकं फिरलं का तुपलं? माझी म्हस पाण्यावाचून मराय लागली अन् तू मातीला पाणी पाजतीस?"

तिचा आवाज ऐकून आणखी दोन-तीन बायका गोळा झाल्या. मंजुळाबाई, जिच्या घरी कालपासून घागर पालथी होती, ती तर रडायलाच लागली. "आमी मागितलं तर न्हाई म्हनलीस. अन् हितं वतून देतीस!"

वत्सलाबाईनं हातातली घागर खाली टेकवली. तेव्हा गहिनीनाथ उठला.

"आक्का, हिकडं या. ह्या बल्बाकडं बगा. वत्सलाबाई, वता तुमी."

तिसरी घागर गेली. बायकांच्या डोळ्यांसमोर लाल काडी पिवळी झाली. चौथीला बल्बात स्पष्ट उजेड आला. गहिनीनाथनं साध्या शब्दांत सांगितलं: म्हशीला नजर लागली नव्हती, ड्रमात करंट होता. आणि म्हशीच्या जागी उघड्या पायानं कुणाचं लेकरू नळाला धरून उभं राहिलं असतं, तर ते सोडवायला गेलेलाही राहिला नसता.

छबुबाईनं बल्बाकडं बघितलं. मग घरात गेली आणि अर्धी भरलेली कळशी घेऊन आली.

"ही बी वत," ती म्हणाली, तोंड वाकडंच होतं. "अर्धीच हाय. जास्त मागू नगंस."

संध्याकाळचं दूध वत्सलाबाईनं टमटममधून नेकनूरच्या मोठ्या केंद्रावर पोचवलं. परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. फळीखालून जाताना तिनं श्वास धरला. बल्ब लावायलाही तिचा हात धजेना, गीतानंच लावला.

दुसरा दिवस उजाडला तो लग्नाच्या दाट तिथीचा. संध्याकाळी पाचला दूध गोळा झालं, सव्वापाच झाले, साडेपाच झाले, टमटमचा पत्ता नाही. फोन लावला तर टमटमवाला वऱ्हाड घेऊन मांजरसुंब्याला गेलेला. ऊन अजून भिंतीवर भाजत होतं. चार कॅनांवर ओली पोती टाकून वत्सलाबाई वाहन शोधायला स्टँडकडं निघाली.

"मी येईस्तोवर काय बी चालू करू नका," ती धर्मराजला म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

स्टँडवर एक जीप होती, पण ड्रायव्हर नव्हता. तो हॉटेलात सापडला, तर डिझेल नाही म्हणाला. त्याला राजी करण्यात अर्धा तास गेला. ती जीपमध्ये बसली. "जरा दमानं घे की," असं एरवी म्हणणारी ती, "लवकर चल रे बाबा," म्हणत राहिली.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. करपट, गोडसर, नाकात बसणारा. जीप थांबायच्या आत तिनं खाली पाय टाकला.

पुढच्या खोलीत धूर होता. फ्रीजर गुरगुरत होता. फळीच्या मागून निळसर ठिणग्या सुटत होत्या आणि सागवानी लाकडाच्या वरच्या कडेला जाळाची एक बोटभर जीभ माळवदाच्या लाकडांकडं चाटत होती. धर्मराज एका हातानं मेन स्विचचा खटका ओढायला बघत होता, खटका हलत नव्हता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात पाण्याची बादली होती.

"हात काढा!" वत्सलाबाई किंचाळली. "पाणी टाकू नका!"

पण त्यानं बादली उचललीच होती. तिनं पुढं होऊन ती खालून धरली आणि जिवाच्या आकांतानं मागं ढकलली. सगळं पाणी दाराबाहेर अंगणात सांडलं. धर्मराज धडपडत मागं पडला. त्याचा उजवा तळहात भाजून लाल झाला होता.

"गीता कुठाय?"

"आत. बाळाला पाजायलीय." तो म्हणाला.

दार फळीच्या खाली. वरून वितळलेल्या काळ्या प्लॅस्टिकचे थेंब उंबऱ्यावर पडत होते. वत्सलाबाईनं कॅनेवरचं ओलं पोतं ओढायला हात नेला आणि तसाच मागं घेतला. ओलं काही नको. पलंगावरची कोरडी गोधडी तिनं डोक्यावर घेतली, अंग चोरून उंबरा ओलांडला, कोपऱ्यात खोकत उभ्या असलेल्या गीताला बाळासकट गोधडीत घेतलं आणि तिघं एकत्र बाहेर आली. किती वेळ लागला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. बाळ रडत होतं, तेवढं तिला आठवतं. ते रडणं ऐकून बरं वाटलं, असंही.

लाईनमन भारत गावातच राहायचा. तिनं अंगणातून फोन लावला. "भारत, आधी डीपीचा खटका पाड! समद्या गावाची लाईट घालव! मपल्या घराला आग लागलीय!"

"पाडतो काकी, फोन ठिवा."

ती दोन-तीन मिनिटं सरता सरेनात. छबुबाई, मंजुळाबाई, सगळी गल्ली जमली. कुणाच्या हातात घागर, कुणाच्या हातात कळशी. घरातलं पिण्याचं पाणी घेऊन आल्या होत्या त्या, आणि वत्सलाबाई दारात हात आडवे करून उभी होती. "लाईट जाऊ द्या आदी! कुनी पुढं येऊ नका!"

फ्रीजरचं गुरगुरणं बंद पडलं. शेजारच्या घरातला टीव्ही गप्प झाला. लाईट गेली.

"आता माती टाका!" ती म्हणाली. "माती!"

मातीला काही तोटा नव्हता. अंगणातली, रस्त्यावरची, घराशेजारच्या पडीक रानातली कोरडी ठणठणीत माती बायकांनी पाट्यांनी, परातींनी, पदरांनी आणून भिंतीवर मारली. जाळ दबला. जीपच्या ड्रायव्हरनं फळीच लोखंडी पारईनं उपटून अंगणात फेकली. मग तुळईच्या धुमसणाऱ्या टोकावर घागरी रित्या झाल्या. एक तुळई हातभर काळी झाली, बाकी घर वाचलं. त्या दिवसाचं दूध मात्र नासलं, चारही कॅना.

छबुबाईनं धर्मराजच्या हाताला कोरफड लावली. तो ओसरीच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसला होता.

"दूध नासंल म्हून फ्रीजर लावला," तो म्हणाला. "अर्धा तास, तेवढाच लावायचा व्हता."

वत्सलाबाईनं पदराची माती झटकली.

"अन् ती जाड तार..." त्यानं अंगणात पडलेल्या फळीकडं बघितलं. "ती मीच टाकलती. पोराच्या लग्नात. मांडवाच्या लायटिंगनं फ्यूज सारखा जायचा. पाव्हन्यात लाज वाटायली म्हून टाकली. नंतर काढीन म्हनलो. काल वायरमननं इचारलं तवा बी तोंड उघडलं न्हाई माझं."

तिला संताप यायला हवा होता. आला नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती; तेवढी वर्षं ती त्या तारेसकट फळीखालून ये-जा करत होती, गीता बाळंतपणाहून तिथंच आली होती, संस्थेच्या चाळीस बायका रोज तिथं किटल्या घेऊन उभ्या राहत होत्या. आता ते एकेक दिवस तिच्या डोळ्यांसमोरून जायला लागले आणि संतापाऐवजी नुसती भीती वाटत गेली.

"तवा सांगितलं असतं तर काय झालं असतं?" एवढंच ती म्हणाली.

गहिनीनाथ दुसऱ्या दिवशी सामान घेऊन आला. काळी भिंत बघून त्यानं कपाळाला हात लावला, मग कामाला लागला. नवा बोर्ड दारापासून लांब, ओसरीकडच्या भिंतीवर बसला. नवीन अर्थिंगसाठी खड्डा खणायला धर्मराज भाजलेल्या हाताला फडकं बांधून स्वतः उतरला. सगळं झाल्यावर गहिनीनाथनं वत्सलाबाईला नव्या खटक्यावरचं एक छोटं बटण दाखवलं. "हे महिन्याला एकदा दाबायचं. लाईट खाडकन गेली पायजे. न्हाई गेली तर मला बोलवायचं."

तिनं तिथंच दाबून बघितलं. लाईट खाडकन गेली. खटका वर करून तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा हात पुढं केला तेव्हा गहिनीनाथ हसला. "बास बाई, ते झिजंल."

आठवड्यानं संस्थेची बैठक झाली. फ्रीजर परत सुरू झाला होता आणि छबुबाईची म्हैस ड्रमातलं पाणी पुन्हा पिऊ लागली होती. बैठकीत दुधाचं बोलणं कमी आणि बोर्डांचंच जास्त झालं. कुणाच्या घरी स्विचला हात लावला की चटका बसतो, कुणाच्या घरी पंखा लावला की बल्ब मंद होतो, कुणाच्या मेन स्विचला झाकणच नाही. इतके दिवस कुणी कुणाला बोललं नव्हतं. ऐकता ऐकता वत्सलाबाईला गावातली सगळी माळवदं डोळ्यांसमोर दिसायला लागली.

बैठक उठल्यावर छबुबाई मागं रेंगाळली.

"वत्सला, जरा घरी येतीस?"

तिच्या घरी बोर्डावर देवीचा मोठा फोटो टांगलेला होता, वर्षानुवर्षं. त्याच्या कडेनं भिंतीवर तपकिरी डाग वर चढला होता, चुलीवरच्या भिंतीसारखा.

"ह्यो डाग दिवाळीला नव्हता," छबुबाई हळू आवाजात म्हणाली. "मला फोटो काढून बगायचा धीर व्हईना."

वत्सलाबाईनं पायात चप्पल आहे ना ते खाली बघून घेतलं. मग तिनं कमरेचा मोबाईल काढला.

"फोटुला हात लावू नको, अक्का," ती म्हणाली. "आदी भारतला लाईट घालवाय सांगू. मग बगू."

आणि ती भारतचा नंबर लावायला लागली.